लिव्हरला फायब्रोसिस निघाला, आणि डॉक्टर म्हणतात वजन कमी करा!

*डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या यजमानांचं वय ४८, वजन ९२ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. नेहमीच्या तपासणीत यकृताची एन्झाइम्स एसजीओटी ५४, एसजीपीटी ८१ आणि प्लेटलेट्स १ लाख ८० हजार आल्या. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं. मग यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन झाला. दुपारचं जेवण उरकून थेट तिकडेच गेलो होतो. रिपोर्टवर ११.४ किलोपास्कल आणि पुढे ‘एफ ३’ असं छापून आलं. डॉक्टरांनी दहा टक्के वजन उतरवा, दारू पूर्ण बंद करा (महिन्यातून दोन-तीनदा घेतात) आणि सहा महिन्यांनी या, एवढंच सांगितलं. लिव्हरसाठी एकही गोळी नाही! एका नातेवाइकांनी लिव्हर टॉनिक सुचवलं, ते मात्र सुरू झालंय. यजमानांचं म्हणणं, व्रण एकदा पडला की जात नाही, मग उगाच उपाशी का राहायचं? मी बीएस्सी आहे, जीवशास्त्र माझा विषय होता. तेव्हा पेशींमध्ये नेमकं काय चाललंय ते न गाळता सांगा. आणि एक शेवटचं: मुलगा २१ वर्षांचा आहे, त्याचंही वजन वाढलंय. त्यालाही तपासायचं का?*

*— एक वाचक*

ताई,

तुमच्या यजमानांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच अडलंय. व्रण एकदा पडला की जात नाही, हे मत काही त्यांचं एकट्याचं नाही. वैद्यकशास्त्रही कित्येक दशकं हेच धरून चाललं होतं. पण हे मत आता टिकत नाही, आणि ते कशामुळे मोडीत निघालं हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

क्रॉनिक हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांना टेनोफोव्हिर हे औषध पाच वर्षं देऊन, आधी आणि नंतर यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळच्या बायॉप्सी ३४८ जणांच्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचा फायब्रोसिस, म्हणजे यकृतातला व्रण, कमी झालेला दिसला. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: सुरुवातीला ९६ जणांना सिरॉसिस होता, म्हणजे तुमच्या यजमानांच्याही पुढची पायरी. पाच वर्षांनी त्यातल्या ७१ जणांच्या बायॉप्सीत सिरॉसिस उरलेला नव्हता. आता गंमत अशी, की टेनोफोव्हिर हे फायब्रोसिसवरचं औषध नव्हेच. ते व्रणाला हातही लावत नाही. ते विषाणूला वाढू देत नाही, बस. बाकीची साफसफाई यकृतानं स्वतः केली.

तुमच्या डॉक्टरांनी गोळी का दिली नाही, याचं उत्तर इथूनच सुरू होतं. पण त्याआधी तुमच्या बीएस्सीला जागून पेशींकडे वळू.

यकृतपेशींच्या रांगा असतात आणि त्यांच्या मधून सायनुसॉइड नावाच्या रक्ताच्या अतिशय बारीक वाहिन्या जातात. या वाहिन्यांच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे रक्तातला द्रव सहज बाहेर येऊन यकृतपेशींना भिडतो. भिंत आणि यकृतपेशी यांच्यामध्ये एक चिंचोळी पोकळी आहे, तिला डिसची पोकळी म्हणतात. आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र तिथे राहतं: स्टेलेट पेशी. कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ साली ती पहिल्यांदा पाहिली. त्यानंतर बराच काळ तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५१मध्ये जपानच्या इतो यांनी चरबीचे थेंब साठवणाऱ्या पेशींचं वर्णन केलं, आणि या पेशी म्हणजे कुप्फर यांनी पाहिलेल्याच पेशी, हे १९७१मध्ये वाके यांनी दाखवलं. त्या थेंबांमध्ये जीवनसत्त्व अ असतं. शरीरातल्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून जास्त जीवनसत्त्व अ या पेशींच्या पोटात असतं. म्हणजे निरोगी यकृतात ही एक शांत, कोठार सांभाळणारी पेशी. यकृतात कोलॅजेन, म्हणजे व्रण ज्या तंतूंचा बनतो ते प्रथिन, मुख्यतः हीच पेशी बनवते, हे १९८५ साली उंदरांच्या यकृतातून ती वेगळी काढून स्कॉट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

तुमच्या यजमानांच्या यकृतात काय घडतंय? मधुमेह आणि वाढलेलं वजन यांमुळे यकृतपेशींमध्ये चरबी साठते. साठलेली चरबी थेंबांच्या रूपात मुकाट पडून राहिली तर फारसं बिघडत नाही. त्रास होतो तो मोकळ्या फॅटी ॲसिड्सचा आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या विषारी पदार्थांचा. त्यांनी मायटोकॉन्ड्रिया बेजार होतात, घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, काही यकृतपेशी फुगतात, काही मरतात. मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. तिच्यातून बाहेर पडलेला डीएनए आणि इतर रेणू शेजारच्या पेशींना धोक्याची सूचना देतात. यकृतात कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशी, म्हणजे कुप्फर पेशी, चेतवल्या जातात आणि रक्तातून मोनोसाइट्स नावाच्या आणखी पांढऱ्या पेशी बोलावून घेतात. ही झाली सूज. या सुजेतून टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे दोन रेणू मोठ्या प्रमाणात सुटतात. इतरही डझनभर आहेत, पण या दोघांची नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

पीडीजीएफ स्टेलेट पेशीला सांगतो, संख्या वाढव. टीजीएफ-बीटा सांगतो, कोलॅजेन बनव. पेशी जीवनसत्त्व अ चे थेंब टाकून देते, लांबट होते, स्नायूपेशीत असतं तसं ॲक्टिन तिच्यात तयार होतं, आणि ती आकुंचन पावू लागते. अशा रूपांतरित पेशीला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. ती पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन ओतत सुटते. शिवाय, आणि हे फार महत्त्वाचं, कोलॅजेन विरघळवणाऱ्या एन्झाइम्सना अडवणारा टिम्प-१ नावाचा रेणूही तीच सोडते. म्हणजे नवं टाकणंही चालू आणि जुनं काढणं बंद. उंदरांमध्ये या पेशींना खूण करून त्यांचा माग काढणारा एक प्रयोग २०१३मध्ये झाला: इजा विषारी रसायनाची असो, पित्त तुंबल्याची असो की चरबीची, व्रण घडवणाऱ्या पेशींपैकी ८२ ते ९६ टक्के पेशी मूळच्या स्टेलेटच निघाल्या.

इथपर्यंत हे सगळं शहाणपणाचंच आहे बरं का. गुडघा खरचटला की तिथेही असंच कोलॅजेन येतं, खपली धरते, जखम भरते आणि काम थांबतं. यकृताचं दुखणं हे, की जखम रोज नव्यानं होत राहते, म्हणून काम कधी थांबतच नाही. वर्षानुवर्षं. आणि यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. तुमच्या यजमानांना काहीच त्रास होत नाही, यात नवल नाही आणि दिलासाही नाही.

यापुढचा भाग मला या आजारात सगळ्यात विलक्षण वाटतो. कोलॅजेनचे तंतू साचले की एलओएक्सएल-२सारखी एन्झाइम्स त्यांना एकमेकांशी टाचून टाकतात. ऊतक कडक होतं. आता टीजीएफ-बीटा हा बराचसा निष्क्रिय रूपात, एका आवरणात बंद असतो. मायोफायब्रोब्लास्टच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू ते आवरण धरून ओढतात. आजूबाजूचं ऊतक मऊ असेल तर सगळंच सैलपणे सरकतं, फार काही होत नाही. ते कडक असेल तर ताण बसतो, आवरण उघडतं आणि टीजीएफ-बीटा मोकळा होतो. म्हणजे कडकपणाच पुढचा कडकपणा जन्माला घालतो. फायब्रोस्कॅनवर जे किलोपास्कल येतात ते म्हणूनच केवळ परिणाम दाखवत नाहीत. तो कडकपणा आजाराला पुढे ढकलणारं एक कारणही असतो. त्यातच सायनुसॉइडच्या भिंतीची छिद्रं बुजतात, रक्त आणि यकृतपेशी यांची देवाणघेवाण अडते, आकुंचन पावणाऱ्या पेशी वाहिन्या आवळतात, आणि यकृतात येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढू लागतो. सिरॉसिसमध्ये पोटात पाणी होणं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगणं ही सगळी लक्षणं बहुतांशी या दाबाची. तुमचे यजमान तिथे पोचलेले दिसत नाहीत.

कारणं बदलली तरी ही साखळी पुष्कळशी सारखीच राहते. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृतावर केलेला हल्ला, पित्तनलिकांचे आजार, लोह किंवा तांबं साठवणारे आनुवंशिक विकार, मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधं, सिस्टोसोमा नावाचे कृमी. पित्तनलिकांच्या आजारात त्या नलिकांभोवतीचे फायब्रोब्लास्टही कामाला लागतात, एवढा फरक. कारण एकाच वेळी एकाहून अधिक असू शकतं, आणि तुमच्या पत्रात नेमकी हीच गोष्ट मला खटकली: हिपॅटायटिस बी आणि सीच्या चाचण्यांचा कुठेच उल्लेख नाही. झाल्या असतील तर उत्तम. नसतील तर पहिल्यांदा त्या करून घ्या. मधुमेह आहे, वजन आहे, सोनोग्राफीत चरबी आहे, म्हणून बाकी काही नसेल असं गृहीत धरणं घातक ठरतं. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत पूर्ण बरा होतो. तो असला आणि आपण नुसतंच वजन उतरवत बसलो तर काय उपयोग? लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या चाचण्या आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या अँटिबॉडी यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आता रिपोर्टकडे येऊ. फायब्रोसिसच्या पायऱ्या एफ ० (व्रण नाही) ते एफ ४ (सिरॉसिस) अशा मोजतात. ‘एफ ३’ हे मशीननं छापलंय, म्हणून ते निकालपत्र समजू नका. किती किलोपास्कलला कोणती पायरी म्हणायचं हे आजारागणिक बदलतं. साधारण नियम असा, की ८च्या खाली असेल तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, १० ते १५मध्ये तो पुढच्या टप्प्यातला असू शकतो, आणि १५च्या वर गेलं तर सिरॉसिसचा दाट संशय. ११.४ हा मधल्या, संदिग्ध पट्ट्यात आहे. आणि तुम्ही जेवून गेला होतात! जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि कडकपणा खोटा वाढलेला दिसतो. किमान तीन तास पोट रिकामं हवं. ही सूचना तपासणी केंद्रानं द्यायला हवी, पण पुष्कळदा दिली जात नाही. एन्झाइम्स खूप वाढलेली असताना, किंवा हृदयाच्या दुबळेपणामुळे यकृतात रक्त तुंबलं असताना केलेली तपासणीही अशीच फसवते.

म्हणजे आकडा खोटाच, असं मी म्हणत नाही. फिब-४ नावाचा एक सोपा हिशेब आहे, तो तुम्ही घरीच करू शकता. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४८ गुणिले ५४ म्हणजे २५९२. एसजीपीटी ८१चं वर्गमूळ ९, त्याला १८०नं गुणलं की १६२०. भागाकार १.६. हा आकडा १.३च्या खाली असता तर मी बराच निश्चिंत झालो असतो, २.६७च्या वर असता तर काळजीत पडलो असतो. १.६ पुन्हा मध्येच. दोन संदिग्ध आकडे आणि जोडीला मधुमेह, तेव्हा हे प्रकरण गांभीर्यानं घ्यायचं, मात्र उपाशीपोटी फायब्रोस्कॅन पुन्हा करून. त्या रिपोर्टमध्ये किमान दहा मोजण्या आहेत ना आणि त्यांच्यातला फरक, म्हणजे आयक्यूआर, मध्यांकाच्या ३० टक्क्यांच्या आत आहे ना, तेवढं पाहा. दुसऱ्यांदाही आकडा असाच आला तर डॉक्टर कदाचित एमआर इलास्टोग्राफी (एमआरआयनं कडकपणा मोजणं) किंवा बायॉप्सी सुचवतील. बायॉप्सीत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग हाती येतो, तेव्हा तिचाही शब्द अंतिम नसतो. अगदीच गोंधळ असेल तरच ती करावी, या मताचा मी आहे.

‘एकही गोळी नाही’ या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच. स्टेलेट पेशीवर थेट नेम धरणारी औषधं शोधण्यात औषधकंपन्यांनी प्रचंड श्रम घातले. तंतू टाचणाऱ्या एलओएक्सएल-२ला रोखणारं सिमटुझुमॅब आलं, चाचण्यांत फोल ठरलं. पेशींमधला ताणाचा संदेश अडवणारं सेलॉनसर्टिब आलं, तेही फसलं. मोनोसाइट्सना यकृतात येण्यापासून थोपवणारं सेनिक्रिव्हिरॉक, त्याचीही तीच गत. टीजीएफ-बीटालाच सरसकट रोखावं, तर तो शरीरभर प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याचं आणि पेशींची वेडीवाकडी वाढ आवरण्याचं कामही करतो. त्याला सगळीकडे बंद करणं परवडत नाही.

जे यशस्वी झालं ते सगळं स्टेलेट पेशीच्या आधीच्या टप्प्यावर, मूळ इजेवर काम करणारं. २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सुजेसहित फॅटी लिव्हरसाठी रेस्मेटिरॉमला मान्यता दिली. ते यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या बीटा रिसेप्टरला चेतवून चरबी जाळायला लावतं. ९६६ रुग्णांच्या चाचणीत, जास्त डोस घेणाऱ्यांपैकी २५.९ टक्के लोकांचा फायब्रोसिस किमान एक पायरी उतरला. नुसती खोटी गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांत १४.२ टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेह आणि वजनावरच्या औषधाच्या इंजेक्शनलाही तिथेच याच आजारासाठी मान्यता मिळाली. ७२ आठवड्यांनंतर फायब्रोसिस सुधारलेले ३६.८ टक्के, खोट्या इंजेक्शनवाले २२.४ टक्के. यकृतपेशींवर सेमाग्लुटाइडचे रिसेप्टर जवळजवळ नसतातच. भूक, वजन, इन्शुलिन या आडवाटेनं ते यकृतापर्यंत पोचतं. दोन्ही मान्यता एफ २ आणि एफ ३साठी आहेत, सिरॉसिससाठी नाहीत. आणि खोटं औषध घेणाऱ्यांतही सात-आठ जणांत एक, पाचांत एक सुधारला, हे नजरेतून सुटू देऊ नका. त्यात बायॉप्सीच्या तुकड्याचा नशिबाचा भाग आहे, पण चाचणीत भाग घेतला म्हणून खाण्यापिण्याकडे लक्ष देणारेही त्यात असतात.

या औषधांपुढे दहा टक्के वजनाचा हिशेब ठेवून पाहा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९३ रुग्णांना ५२ आठवडे आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम दिला. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलं, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांच्या यकृताची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस कमी झाला. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे असे शेजारी मांडणं शास्त्राला धरून नाही, हे मलाही मान्य, पण अंदाज येतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी उपचार दिलाच नाही असं नाही. त्यांनी चांगला उपचार दिला आणि तो पार पाडायला मदत दिली नाही. माझी त्यांच्याबद्दल तक्रार असलीच तर ही. कारण त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा असा, की इतकं वजन उतरवणारे २९३ पैकी जेमतेम दहा टक्के होते. ‘वजन कमी करा आणि सहा महिन्यांनी या’ हे बोलायला एक वाक्य लागतं.

यजमानांसाठी दहा टक्के म्हणजे नऊ-सव्वानऊ किलो, ९२ वरून ८३पर्यंत. उपाशी राहून नव्हे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे साधारण चार-साडेचार महिने. झटकन खूप वजन पाडलं तर पित्ताशयात खडे होतात आणि क्वचित यकृताची सूजही वाढते. साखर घातलेली पेयं आधी बंद, कारण फ्रुक्टोजपासून यकृत थेट चरबी बनवतं. व्यायाम वजन न उतरवताही यकृतातली चरबी कमी करतो, पण फायब्रोसिस उतरवायला वजन उतरावंच लागतं. आहारतज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा जाणं जमत असेल तर जरूर जा. साध्या कॉफीचं प्रमाण जास्त असणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो, असं बऱ्याच निरीक्षणांत दिसलंय. यजमानांना आवडत असेल तर बिनसाखरेची प्यायला हरकत नाही, आवडत नसेल तर औषध म्हणून ढोसू नका.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न स्पष्ट विचारा: मधुमेहाच्या सध्याच्या गोळ्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला सेमाग्लुटाइडच्या वर्गातलं औषध चालेल का? मधुमेह आहेच, तेव्हा एका औषधात दोन्ही कामं होण्याची शक्यता आहे. मळमळ, उलट्या, पित्ताचे खडे हे त्याचे ओळखीचे त्रास. स्नायूही कमी होतात, म्हणून सोबत वजनं उचलण्याचा व्यायाम हवा. पायोग्लिटाझोन हा मधुमेहावरचा जुना पर्यायही सूज कमी करतो, पण वजन वाढवतो आणि हृदय दुबळं असेल तर चालत नाही. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी केलेल्या, शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचा फायब्रोसिस कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलंय, पण ती लठ्ठपणा बराच असेल तरची गोष्ट. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लिहून दिलं असेल तर एसजीपीटीला घाबरून ते बंद करू नका. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना सर्वाधिक धोका हृदयविकाराचा असतो, यकृताचा नंतर.

दारूबद्दल मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे, पूर्ण बंद. महिन्यातून दोन-तीनदा ही मात्रा एरवी फार वाटणार नाही, पण फायब्रोसिस सुरू झालेल्या यकृतासाठी सुरक्षित अशी मात्रा नाही, आणि मधुमेह व दारू मिळून जे नुकसान करतात ते दोघांच्या बेरजेहून जास्त भरतं.

टॉनिक आजच थांबवा. त्यात सिलिमारिन (एका वनस्पतीचा अर्क) असेल तर ते बहुधा निरुपद्रवी आहे आणि फायब्रोसिस कमी करतं असा खात्रीचा पुरावा नाही. त्याहून मोठी काळजी ज्याच्यावर नीट लिहिलेलंच नसतं अशा मिश्रणांची. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांसारख्या वरवर सोज्वळ गोष्टींनीही यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत. पुढची रक्ततपासणी टॉनिक चालू असताना झाली आणि एसजीपीटी वाढलेलं निघालं, तर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. बाटली मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि स्टेलेट पेशीतलं जीवनसत्त्व अ वाचून ते गोळ्यांनी भरून काढावं असं मनात आलं असेल, तर तेही नको. जास्तीच्या जीवनसत्त्व अ नं या पेशी उलट चेतवल्या जातात आणि त्यातूनच फायब्रोसिस झाल्याचं माहीत आहे.

इजा थांबली की आत काय होतं, ते राहिलंच की. टीजीएफ-बीटाचा ओघ आटतो. काही मायोफायब्रोब्लास्ट स्वतःहून मरतात, उंदरांमध्ये हे १९९८ सालीच दिसलं होतं. काही पुन्हा शांत होतात. टिम्प-१ कमी झाल्यामुळे कोलॅजेन विरघळवणारी एन्झाइम्स मोकळी होतात, आणि ज्या भक्षक पेशींनी सूज वाढवली त्यांच्यातल्याच काही आता वेगळं रूप घेऊन तंतू साफ करू लागतात. नवे, सैल तंतू लवकर जातात. जुने, पक्के टाचलेले आणि इलॅस्टिन या चिवट प्रथिनानं भरलेले जाड पट्टे हटता हटत नाहीत. म्हणून सिरॉसिसमध्ये सगळ्यांनाच माघारी येता येत नाही आणि एफ ३ला हालचाल केलेली बरी. एक मेख आहे. शांत झालेल्या स्टेलेट पेशी पूर्वीसारख्या निरागस राहत नाहीत. उंदरांमध्ये २०१२ साली दिसलं, की पुन्हा इजा झाली तर त्या पहिल्यापेक्षा लवकर पेटतात. माणसांतही असंच असेल तर उतरवलेलं वजन पुन्हा चढू देणं महागात पडेल. मी माझ्या रुग्णांना ते तसंच आहे असं धरून चालायला सांगतो.

वेगाचं म्हणाल तर सुजेसहित फॅटी लिव्हरमध्ये फायब्रोसिस सरासरी सात वर्षांत एक पायरी चढतो, काही जणांत त्याहून बराच झपाट्यानं. म्हणजे उद्याच काही होणार नाही आणि वेळही वाया घालवायचा नाही. सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी वजन, साखर आणि एन्झाइम्स पाहा, उपाशीपोटीच्या फायब्रोस्कॅननंतरचा पुढचा फायब्रोस्कॅन वर्षानं. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी घेतल्या नसतील तर घ्या. डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, काळी शी, रक्ताची उलटी, वागण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता मुलगा. वडिलांना फॅटी लिव्हर आणि फायब्रोसिस असेल तर मुलांना धोका जास्त असतो. त्यात पीएनपीएलए-३ या जनुकाच्या एका प्रकाराचा हात असतो, आणि घरातल्या सगळ्यांच्या सारख्या सवयींचाही. जनुकाची चाचणी करत बसू नका, तिच्यानं उपचार बदलणार नाही. एसजीपीटी, प्लेटलेट्स, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड एवढ्या रक्ततपासण्या आणि एक सोनोग्राफी पुरे. फिब-४ मात्र त्याच्यावर चालवू नका. ३५ वर्षांखालच्यांत तो हिशेब भरवशाचा नाही. एसजीपीटी वाढलेलं आलं तर त्यालाही उपाशीपोटी फायब्रोस्कॅन. आणि बाप-लेकांनी वजनाचं काम एकत्रच हाती घेतलं तर तुमच्या स्वयंपाकघरावरचा ताणही निम्मा होईल.